आईबरोबर मुंबईला निघण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा चार दिवसांचा तक्ता मिळाला. नोकरीच्या पहिल्या वर्षात साठवलेल्या पैशांतून आईंना मुंबईला न्यायचे तू ठरवलेस, हे वाचून मन भरून आले. लग्न झाल्यापासून त्या सांगलीबाहेर गेल्या त्या कुणाच्या लग्नकार्याला, बाळंतपणाला नाहीतर आजारपणाला, म्हणजे तिथेही कामालाच, हे तुझे वाक्य मी दोनदा वाचले.

आता तक्त्याविषयी. त्यात १९ ठिकाणे आहेत आणि त्यांतले एकही आईंनी सांगितलेले नाही. ‘मी विचारले, पण ती म्हणते, तुला आवडेल तिथे जाऊ,’ असे तू कळवतेस. हे उत्तर धरून चालू नकोस. आज भाजी कोणती करू, हे इतकी वर्षे घरातल्या इतरांना विचारत आलेल्या बाईला तिची स्वतःची आवड अशी अचानक विचारली, तर ती दुसरे काय सांगणार? तेव्हा कुठे जायचे हे विचारू नकोस. त्यांच्या लहानपणी मुंबईहून कोण यायचे, काय आणायचे, तिथले काय सांगायचे, हे विचार. रात्री भांडी आवरताना विचार, आणि तेव्हा तुझा फोन बाजूला असू दे.

हे मी का सांगते, ते माझ्याच चुकीतून सांगते. १९९१ च्या डिसेंबरात मी माझ्या आईला मुंबईला नेले. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, होते. घाटावरून आणि कोकणातून गेलेले हजारो गिरणी कामगार राहत तसेच तेही एका गाळ्यात अनेकांबरोबर राहिले, खानावळीत जेवले आणि दर महिन्याला गावी मनीऑर्डर पाठवत राहिले. आई कधीच मुंबईला गेली नव्हती. मी अगदी तुझ्यासारखाच तक्ता केला होता. पहिल्या सकाळी स्टेशनातून बाहेर पडून गेटवेच्या लाँचसाठी निघालो, तर शेजारच्या जनरल पोस्ट ऑफिसपाशी ती थांबली आणि मला न विचारता आत गेली. जॉन बेग यांनी आखलेली, १९१३ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत. तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला आहे. त्या घुमटाखाली, खिडक्यांसमोरच्या रांगांकडे पाहत ती उभी राहिली. मी दोनदा घड्याळ दाखवले, तिसऱ्यांदा आवाज चढवला, तेव्हा ती मुकाट्याने बाहेर आली. लाँच मिळाली, घारापुरी पाहून झाली, आणि दिवसभर ती माझ्या प्रत्येक प्रश्नाला ‘छान आहे’ एवढेच म्हणत राहिली.

संध्याकाळी चौपाटीवर तिने सांगितले. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असे आणि तिच्यावर चार ओळी मजकूर लिहायला जागा असे. घरात तेव्हा वाचता येत होते ते फक्त तिला, नऊ वर्षांच्या मुलीला. पोस्टमनने पट्टी दिली की ती आजीला मोठ्याने वाचून दाखवायची, आणि पैशांची ओढाताण आहे असे वडिलांनी लिहिलेले असले की ती ओळ गाळायची. ‘हे पैसे निघायचे ती खिडकी कशी असेल, असे मला लहानपणी फार वाटायचे,’ ती म्हणाली. आजोबांचे पैसे बहुधा परळच्या एखाद्या लहान टपाल कचेरीतून निघत असतील, पण तिच्या मनातली खिडकी होती ती त्या घुमटाखालची, आणि तिथून मी तिला ओढून बाहेर काढले होते.

तुझ्या आई तीस वर्षे ब्लाउज शिवतात. तुझ्या तक्त्यात मंगलदास मार्केट नाही, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटले. महात्मा फुले मंडईच्या, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटच्या, जवळच तो कापडबाजार आहे. आत अरुंद गल्ल्या आहेत, दोन्ही बाजूंना छतापर्यंत ताग्यांच्या थप्प्या आहेत, आणि तू तिथे पाच मिनिटांत गोंधळशील. आई गोंधळणार नाहीत. त्या कापडाचा कोपरा दोन बोटांत घेऊन चोळतील, उजेडाला धरून पोत बघतील, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारतील, आणि हे एका पाण्यात आटेल की नाही ते दुकानदाराच्या आधी सांगतील. तिथे तू त्यांच्या मागून चाल. घाई करू नकोस आणि ‘आपल्याकडे पण मिळते हे’ असे चुकूनही म्हणू नकोस. पुढे भुलेश्वरला लेस, बटणे, गोंडे, काठपट्ट्या यांची दुकाने आहेत. त्यांना चालवत असेल तर तेही त्याच दिवशी होईल. मंगलदास रविवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवून त्यासाठी कामाचा वार धर. या एका जागेला मी पूर्ण सकाळ देईन आणि त्याकरिता तक्त्यातली निदान सहा ठिकाणे खोडीन.

घारापुरी ठेवायची असेल तर आईंच्या गुडघ्यांचा विचार करून ठेव. गेटवेवरून लाँचला सुमारे तास लागतो, वर सुमारे १२० पायऱ्या आहेत आणि सोमवारी लेणी बंद असतात. पायऱ्यांच्या तळापर्यंत छोटी गाडी जाते. पुढे खुर्चीत बसवून नेणारेही मिळतात, पण त्याची लाज वाटून आई नको म्हणतील, आणि ‘तू जाऊन ये, मी खाली बसते’ हे वाक्य तिथे ठरलेले येईल. ते ऐकून एकटी वर जाऊ नकोस. हळूहळू, चार ठिकाणी टेकत चढा. सुमारे वीस फुटी त्रिमुखी सदाशिवासमोर अंधारात डोळे स्थिरावेपर्यंत उभे राहणे, हा अनुभव दोघींनी मिळून घ्यावा असा आहे.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाता आहात, ते योग्य केलेस; आईंसाठी खालचा बर्थ मागून घे. सकाळी उतरल्यावर टॅक्सीच्या मागे धावू नका. रस्ता ओलांडून समोर जा आणि वळून स्टेशनाची, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची, इमारत बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखलेली ही वास्तू १८८८ साली पूर्ण झाली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा ठरली. तिच्या भिंतीवरचे दगडी मोर, माकडे आणि पाने यांतच दहा मिनिटे जातील.

ओव्हल मैदानातून राजाबाई टॉवर दिसेल, तिथेही थांब. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ मध्ये हा मनोरा पूर्ण झाला आणि त्याला नाव दिले गेले त्यांच्या आईचे. असे सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हते आणि जैन रीतीप्रमाणे त्या सूर्यास्तापूर्वी जेवत. वेळ कळण्यासाठी कुणाला विचारावे लागू नये, घड्याळाचे टोले पुरावेत, ही सोय त्यात होती. ही गोष्ट मैदानात बसून आईंना सांग.

लोकलची भीती घालू नकोस आणि गर्दीच्या वेळी त्यांना नेऊही नकोस. दुपारी बाराच्या सुमारास दादरकडे जाणाऱ्या स्लो गाडीत, सेकंड क्लासच्या लेडीज डब्यात बसा. कानातली आणि टिकल्या विकणाऱ्या बायका येतील, कुणी मेथी निवडत असेल, आणि उभी असलेली एखादी ‘कुठे उतरणार?’ असे विचारेल. म्हणजे ती तुमची जागा धरते आहे, हे आईंना आधी समजावून ठेव. माझा अंदाज आहे की दादर येईपर्यंत त्या शेजारणीला गाव विचारून मोकळ्या झालेल्या असतील. रविवारी मध्य रेल्वेवर बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद असतात, तेव्हा त्या दिवशीच्या बातम्या पाहून निघा. आणि एक नियम दोघींनी पाठ करून ठेवा: चुकामूक झाली तर जी फलाटावर राहिली ती तिथेच उभी राहील, आणि जी गाडीत चढली ती पुढच्या स्टेशनवर उतरून परत येईल. हॉटेलचा पत्ता आणि तुझा नंबर कागदावर लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेव. त्याच पर्समध्ये दोन-तीन हजार रुपये त्यांचे म्हणून दे, आणि त्यांचा हिशेब मागू नकोस.

आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाली आहे. तिच्यात त्यांना जरूर बसव. सरकत्या जिन्यापाशी त्यांचा पाय अडेल. हसू नकोस, फोनवर चित्रीकरण तर मुळीच करू नकोस. निऱ्या थोड्या वर धरायला सांग, हात दे, आणि तरीही भीती वाटली तर लिफ्टने जा.

आता अगदी रोखठोक लिहिते. आपल्याकडच्या बायका प्रवासात सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण पुढे सोय कुठे होईल याची खात्री नसते, आणि मग तिसऱ्या दिवशी डोके दुखते, अंगात कणकण येते. दर दोन-तीन तासांनी संग्रहालय, चांगले हॉटेल किंवा नाट्यगृह अशी जागा वाटेत येईल, असाच दिवस आख, आणि त्यांनी विचारायची वाट न पाहता तू आधी ‘मला जायचे आहे’ असे म्हण. त्यांचा संकोच त्याने पुष्कळ कमी होईल.

खाण्याच्या बाबतीत आई दशम्या, चटणी, शेंगदाण्याचे लाडू बांधतील, बांधू देत. पण एक जेवण आणि एक नाश्ता रोज बाहेर असू दे, आणि रात्री खोलीवर आल्यावर त्या तुझे कपडे धुवायला बसल्या तर तूही बादली घेऊन शेजारी बस. उठवायला गेलीस तर नाराज होतील.

शेवटच्या दिवसाची दुपार मी तक्त्यात कोरी सोडली आहे. गाडी रात्रीची आहे, सामान क्लोकरूममध्ये ठेवता येते. त्या दुपारचा विषय आईंसमोर आधी काढू नकोस; तोवर तीन दिवस झालेले असतील, आणि त्यांनाच कुठेतरी परत जावेसे वाटेल. ती जागा पुन्हा मंगलदासची एखादी गल्ली असेल, नाहीतर नुसता चौपाटीचा कठडा. जिथे म्हणतील तिथे जा, मग ते तुला कितीही किरकोळ वाटो.

दुरुस्त केलेला तक्ता याच पाकिटात आहे. १९ पैकी आठ ठिकाणे राहिली आहेत. त्यांतलीही दोन कंसात आहेत, ती आईंना विचारून ठरव. ब्लाउजपीस कोणते घेतले ते त्यांनाच लिहायला सांग.

तुझी,
बाई