छत्री काहून नाही, टाकेच काहून?

प्रश्न : ताई, माझी मुलगी 9 महिन्यांची आहे, वजन 6 किलो. दूध पिताना दमते, दोन महिन्यांत दोनदा न्यूमोनिया झाला. इको केल्यावर कळलं की खालच्या दोन कप्प्यांमध्ये मोठं छिद्र आहे, आणि आता छाती उघडून ऑपरेशन करायचं सांगून राहिले. आमच्या गल्लीतल्या मुलाला तर पायातून छत्री बसवली, तो तिसऱ्या दिवशी घरी आला. मग आमच्या पोरीलाच चिरफाड काहून? आणि हृदय थांबवतात म्हणे, ते ऐकल्यापासून मला झोप नाही. — एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही, मुलांच्या हृदयाच्या आयसीयूत सिस्टर म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे तुमची केस तुमच्या डॉक्टरांचीच, मी फक्त काय असतं ते सांगते.

छिद्र छिद्र सगळे म्हणतात पण प्रत्येकाची जागा वेगळी. गल्लीतल्या मुलाचं बहुतेक वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात असेल. छत्री म्हणजे बारीक तारेच्या जाळीच्या दोन चकत्या, मध्ये छिद्राची कड पकडून दोन्हीकडून चिकटून बसतात, शर्टाच्या टिचबटणासारख्या. पण पकडायला भोवती कड पाहिजे ना. खालच्या छिद्राच्या अगदी शेजारी महाधमनीची झडप असते आणि हृदयाचे ठोके चालवणारी वायरिंगही तिथूनच जाते, त्यात बाळ 6 किलोचं आणि छिद्र मोठं, मग कठीण चकती तिथे दाबून बसवण्यापेक्षा डोळ्यांनी बघून पॅच म्हणजे ठिगळ शिवणं बरं. शेजारच्या पोराशी तुलना बंद करा बाई.

आता हृदय थांबवणं. महाशिरांतून येणारं रक्त नळ्यांनी हार्ट-लंग मशीनमध्ये घेतात, तिथे ऑक्सिजन मिसळतो, पंप ते परत महाधमनीत सोडतो, म्हणजे मेंदूला किडनीला रक्त चालूच असतं, सुट्टीवर फक्त हृदय. ते पोटॅशियमच्या थंड द्रावणाने थांबवतात, आणि टाके झाले की महाधमनीला लावलेला क्लॅम्प म्हणजे चिमटा काढून गरम रक्त आत गेलं की पोटॅशियम धुऊन जातं आणि ते बहुतेक वेळा आपलं आपण धडधडायला लागतं, नाहीतर छोटासा शॉक देतात. 6 किलोच्या बाळात एकूण रक्तच जेमतेम अर्धा लिटर, आणि मशीनच्या नळ्या आधी भरून ठेवाव्या लागतात, म्हणून तुमच्याकडे रक्तदाते मागतात. लोकांना वाटतं खूप रक्त वाहणार म्हणून मागून राहिले, तसं नाही.

हे मशीन रुळलं नव्हतं तेव्हाची गोष्ट सांगते, मला अजून अंगावर काटा येतो. 1954 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी बाळाच्या शेजारी त्याच्या बापाला झोपवलं, बापाच्या जांघेतल्या रक्तवाहिनीतून लाल रक्त बाळाला आणि बाळाचं काळसर रक्त परत बापाला, म्हणजे बापच मशीन. अशी 45 ऑपरेशनं झाली, 28 पेशंट वाचून घरी गेले. तुम्हाला फक्त ओटीबाहेर बसायचं आहे.

ते बसणं सोपं नाही हे मला माहीत आहे, आणि पहिल्यांदा आत बोलावतील तेव्हा जास्त कठीण. अंग सुजलेलं, छातीतून ड्रेनच्या नळ्या, पोटाजवळ पेसमेकरच्या केसासारख्या बारीक तारा (काही दिवसांनी ओढून काढतात), तोंडात व्हेंटिलेटरची नळी. पोरगी रडेल पण आवाज येणार नाही, बऱ्याच आया इथेच कोसळतात. नळी स्वरयंत्रातून खाली गेलेली असते म्हणून आवाज नाही, घसा बंद पडलेला नाही, नळी निघाली की एखाद-दोन दिवस घोगरा येतो मग पूर्ववत. हात धुऊन तिच्या पायाला हात लावा, नावाने हाक मारा, मॉनिटरकडे बघत बसू नका, ते आम्ही बघतो.

आणि वजन वाढू दे मग करू म्हणून थांबू नका. मोठ्या छिद्रातून फुप्फुसात जास्त रक्त घुसतं म्हणूनच ती दमते, म्हणूनच वजन वाढत नाही. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कडक होतात, मग छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं. असं उशिरा आलेलं पोरगं मी पाहिलंय, वडिलांना समजावताना सर्जन स्वतः गप्प झाले होते.

पैशांचं : रेशन कार्ड, आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, तो योजनेतल्या हॉस्पिटलातच बसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही हृदयाच्या ऑपरेशनला मदत होते, अंगणवाडी ताईला विचारा. आणि रायपूर आपल्याला मुंबईपेक्षा जवळ, नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटलात मुलांची ही ऑपरेशनं मोफत होतात.

प्रश्न : नातू दीड वर्षाचा, ब्लू बेबी आहे, ऑपरेशनची तारीख जूनची. रडला की ओठ निळे पडतात. तोवर काय करावं? — आजोबा, काटोल

उत्तर : काका, निळा पडला की घाबरून उभं धरून हलवू नका. पाठीवर निजवून दोन्ही गुडघे छातीशी दाबून धरा, आई जवळ घेऊ दे, शांत करा आणि लगेच हॉस्पिटल. गुडघे दाबले की पायाकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. अशी मोठी मुलं खेळता खेळता आपोआप उकिडवी बसतात, त्यांना कोणी शिकवत नाही. आणि आपला मे महिना! यांचं रक्त आधीच घट्ट असतं, जुलाब-उलटी किंवा उन्हाने पाणी कमी झालं तर आणखी घट्ट होतं. थोडं थोडं पाणी देत राहा, दुपारी बाहेर नेऊ नका. हिमोग्लोबिनही दाखवून घ्या, लोह कमी असेल तर असे निळं पडण्याचे झटके वाढतात.

प्रश्न : बाळाच्या हृदयाच्या ऑपरेशनला महिना झाला, सासूबाई मालिश करायचं म्हणतात. — वर्धा रोड

उत्तर : छातीचं हाड जुळायला साधारण 6 आठवडे जातात, तोवर छातीवर मालिश नाही आणि काखेत हात घालून उचलणंही नाही, एक हात मानेखाली एक बुडाखाली. सासूबाईंना पायाची मालिश द्या, त्याही खूश. गोवर-रुबेलाची लस बाकी असेल तर रक्त चढवलं होतं हे डॉक्टरांना सांगा, काही महिने पुढे ढकलावी लागू शकते.