आज हिट असलेली गाणी पन्नास वर्षांनी कुणी ऐकेल का?

तुम्ही विचारलंय की चांगलं असतं ते आपोआप टिकतं का. माझ्या मते नाही. चांगलं तर असावंच लागतं, पण ते कुणीतरी सांभाळून ठेवावं लागतं आणि कुणीतरी परत वाजवावं लागतं, नाहीतर गेलं.

इटालियन संगीतकार विवाल्डीचंच घ्या ना. हयातीत युरोपभर गाजलेला माणूस, 1741 मध्ये व्हिएन्नात कफल्लक होऊन मेला आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षं नावापुरताच उरला. फोर सीझन्स हे त्याचं आज सगळ्यात गाजलेलं संगीत तर 1725 मध्येच छापलेलं होतं, म्हणजे हरवलं वगैरे नव्हतं, फारसं कुणी वाजवत नव्हतं एवढंच. मग 1926 मध्ये इटलीतल्या एका मठाला पैशाची गरज पडली म्हणून त्यांनी जुनी बाडं विकायला काढली, तर त्यात याच्या हस्तलिखितांचे गठ्ठेच्या गठ्ठे निघाले! तूरिनच्या लायब्ररीकडे पैसे नव्हते, शेवटी एका शेअर दलालाने आपल्या गेलेल्या लहान मुलाच्या नावाने ते घेऊन दिले. नंतर कळलं की हा अर्धाच संग्रह आहे, उरलेला मिळाला 1930 मध्ये, आणि त्याचे पैसे भरले एका कारखानदाराने, त्याचाही मुलगा गेलेला. आज जगभरचे कॉयर त्याचं जे ग्लोरिया नावाचं स्तोत्र गातात ते याच गठ्ठ्यांमधलं आहे.

उलटंही होतं. जर्मनीतल्या लाइपझिगला बाख या संगीतकाराला नोकरी मिळाली ती 1723 मध्ये, पण नगरपालिकेची पहिली पसंती होती टेलिमान हा दुसरा संगीतकार, कारण तेव्हा मोठं नाव त्याचं होतं. आता टेलिमान कितीजणांना माहितीये?

पॉपमध्ये तर सगळाच लहरी कारभार. ब्रिटिश गायिका केट बुशचं रनिंग अप दॅट हिल हे गाणं 1985 मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरवर अडकलं होतं, 2022 मध्ये एका वेब सिरीजमध्ये वाजलं आणि थेट पहिलं आलं, 37 वर्षांनी. त्यामुळे आजचं कुठलं टिकेल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सरळ सोडून द्या.

माझ्याकडे एका जुन्या सीडीवरून कॉपी केलेलं गाणं आहे, फाइलचं नाव नुसतं ट्रॅक 07, गाणारी कोण काही पत्ता नाही, गाणं ओळखणारी दोन ॲप लावून बघितली तर त्यांनाही सापडेना. दुसऱ्या कडव्याच्या आधी ती जरा खोकते. मी ती फाइल आतापर्यंत चार फोनमधून पुढे नेलीये.