उल्मचं पावाचं म्युझियम: आईंना न्यावं का?

ताई, मुलाकडे जर्मनीत म्युनिकला जाताय, जवळच्या उल्म शहरातलं पावाचं म्युझियम बघायला एक दिवस मोकळा आहे, आणि आई म्हणतात, "पैसे देऊन पाव काय बघायचा?" माझं उत्तर: जा, आणि आईंना न्याच. त्यांची शंका मात्र अगदी रास्त आहे, कारण तिथे पाव मांडून ठेवलेला नाही. बेकऱ्यांना लागणारा माल विकणारे विली आयझलेन आणि त्यांचा मुलगा हेरमान यांनी 1955 मध्ये हे म्युझियम काढलं. पाव ही रोज ताजी भाजून खायची गोष्ट, ती काचेआड ठेवायची नाही, अशी त्यांची भूमिका. आपल्या जत-आटपाडीच्या कुठल्याही म्हातारीला हे पटेल. शिळी भाकरी दह्यात कुस्करायची असते, कपाटात लावायची नसते.

इमारत 1592 सालचं मिठाचं कोठार आहे, तीच बघण्यासारखी. दळणाची, भट्टीची अवजारं आहेत, ती भराभर बघून पुढे सरका. वेळ द्यायचा तो चित्रांना आणि भुकेच्या इतिहासाला. संग्रहात केथे कोल्विट्झ या चित्रकर्तीची कामं आहेत. निघण्याआधी तिचं 1924 चं 'ब्रोट!' (म्हणजे पाव) हे चित्र नेटवर आईंना दाखवा. दोन भुकेली पोरं आईला ओढतायत आणि तिने पाठ फिरवली आहे, कारण द्यायला काही नाही. त्याला भाषांतर लागत नाही.

त्या भागाचा एक दुष्काळ माहीत असू द्या. 1815 मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, राखेने ऊन अडलं, आणि 1816 ला युरोपात उन्हाळाच आला नाही. उल्म ज्या राज्यात होतं त्या व्युर्टेंबर्गमध्ये पिकं बुडाली, धान्य महागलं, लोक उपाशी मेले. तेव्हा दक्षिण जर्मनीत त्या दुष्काळाची पदकं पाडली गेली. एका पदकावर आई आणि मुलं आहेत, आणि अक्षरं: "मला पाव दे, भूक लागली."

आईंनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे असं तुम्ही लिहिलंय. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची लाल भाकरी, खडी फोडायची कामं, तिथे मिळणारी सुकडी. तुम्ही-आम्ही तिथल्या पाट्या वाचत बसू, त्यांना दोन शब्द सांगितले तरी पुढचं त्याच आपल्याला सांगतील.

पाव आणि धर्म हा भागही त्यांना परका वाटणार नाही. ख्रिस्ती लोक पावाला येशूचं शरीर मानतात हे सांगा. नवी नवरी उंबऱ्यात आली की भाकरतुकडा ओवाळून टाकणाऱ्या आणि नवरात्रात घटावर कडकण्या बांधणाऱ्या बाईला त्याचं नवल वाटायचं कारण नाही.

बेकरीत 'एमर' लिहिलेला पाव दिसला तर घ्या. एमर म्हणजे आपला खपली गहू. राईचा काळा पाव आंबट असतो, बहुतेकांना पहिल्या दिवशी आवडत नाही. 'उल्मर झुकरब्रोट' हा गोडसर, बडीशेपेचा पाव आईंना आवडेल, पण त्यात गोड वाइन घालायची पद्धत आहे, चालत नसेल तर आधी विचारा.

आपल्याकडे भाकरीचं असं म्युझियम का नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. जाती आणि काठवटी गोळा करून ते होणार नाही, असल्या वस्तू मांडलेली हॉटेलं हायवेला ढिगाने आहेत. भाकरीचं म्युझियम म्हणजे भुकेचंही, म्हणून माझ्या मते त्याची जागा सांगली जिल्ह्यातलं तासगाव. मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांची, आणि तिचा पहिला प्रयोग 1965 मध्ये तासगाव तालुक्यातच झाला. बहात्तरच्या कामांची मस्टरं (हजेरीपत्रकं), धान्य साठवायची जमिनीतली पेवं, मालदांडी ज्वारीची कणसं आणि जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग एका छताखाली आलं, तर मी तिकीट काढून जाईन.

म्युनिकहून रेल्वेने सव्वा-दीड तास, स्टेशनपासून चालत जाता येतं. वेळा त्यांच्या साइटवर बघून घ्या. मोठ्या चर्चच्या मनोऱ्याला सातशेवर पायऱ्या आहेत, तिथे मुलाला एकट्याला पाठवा.