खडबडीत पृष्ठभाग आणि अक्षांची नोंद

प्रिय मित्रा,

खडबडीत पृष्ठभागावरून ध्रुवित प्रकाश, म्हणजे ठरावीक रीतीने कंप पावणारा प्रकाश, कसा विखुरतो, याचे सिम्युलेशन तू हाती घेतले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. पृष्ठभागाचे कोणते प्रारूप निवडावे, असे तू विचारले आहेस. परंतु माझ्या मते त्याआधीची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रत्येक स्टोक्स सदिश (प्रकाशाची तीव्रता आणि ध्रुवण सांगणारे चार आकडे) कोणत्या अक्षांच्या संदर्भात लिहिला आहे, याची नोंद तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेही सुटता कामा नये.

पृष्ठभाग हा असंख्य सूक्ष्म, सपाट पैलूंचा बनलेला आहे असे मानून त्यांतला एकच पैलू डोळ्यांसमोर आण. त्याचा लंब मुख्य आपतन प्रतलाबाहेर (येणारा किरण आणि सरासरी पृष्ठभागाचा लंब ज्यात असतात त्या प्रतलाबाहेर) कललेला असेल, तर त्या पैलूचे स्वतःचे आपतन प्रतल वेगळे असते आणि किती प्रकाश परावर्तित होतो हे सांगणारी फ्रेनेलची समीकरणे त्या स्थानिक प्रतलातच लागू पडतात. म्हणून येणारा स्टोक्स सदिश आधी स्थानिक अक्षांत फिरवावा, मग फ्रेनेलच्या म्युलर मॅट्रिक्सने (येणाऱ्या स्टोक्स सदिशापासून जाणारा सदिश देणाऱ्या 4×4 मॅट्रिक्सने) त्याला गुणावे आणि शेवटी तो बाहेर पडणाऱ्या किरणाच्या अक्षांत न्यावा. अक्ष φ ने फिरले, तर मॅट्रिक्समध्ये 2φ येतो, आणि आधीच्या व नंतरच्या फिरवण्याचे कोन सामान्यतः सारखे नसतात. चिन्हाची चूक बहुधा इथेच होते. ती दडूनही राहते, कारण केवळ अध्रुवित प्रकाश टाकून पाहिले, तर म्युलर मॅट्रिक्सच्या 16 घटकांपैकी पहिल्या स्तंभातल्या चारच घटकांची परीक्षा होते. तेव्हा 45 अंशांत ध्रुवित आणि वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशही अवश्य टाकून पाहा.

पहिली चाचणी सोपी आहे. खडबडीतपणा शून्य कर आणि अपवर्तनांक 1.5 ठेव. 56.3 अंशांच्या आपतन कोनाला आपतन प्रतलाला समांतर असलेला घटक परावर्तित होता कामा नये, तर लंब घटक सुमारे 14.8 टक्के परावर्तित झाला पाहिजे. त्यानंतर सर्व दिशांना सारखाच खडबडीत असलेला पृष्ठभाग घेऊन प्रकाश आपतन प्रतलातच मोज. सममितीमुळे इथे म्युलर मॅट्रिक्सच्या वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या कोपऱ्यांतले आठही घटक शून्य व्हायला हवेत. यादृच्छिक किरण सोडून सरासरी काढणाऱ्या मॉन्टे कार्लो पद्धतीत ते शून्याभोवती थोडे हलतील, पण किरणांची संख्या वाढवल्यावरही एखादा घटक ठाम एका बाजूला राहिला, तर अक्ष फिरवण्याच्या पायरीकडे परत जा.

निरनिराळ्या पैलूंकडून येणाऱ्या प्रकाशाची सरासरी काढताना म्युलर मॅट्रिक्सांची बेरीज करावी. जोन्स मॅट्रिक्सांची (लहरींचे आयाम आणि कला यांवर काम करणाऱ्या मॅट्रिक्सांची) बेरीज करणे म्हणजे लहरींमधला कलासंबंध टिकून आहे असे मानणे होय. स्पेकलचा, म्हणजे लेसरच्या प्रकाशात दिसणाऱ्या ठिपक्यांच्या नक्षीचा, अभ्यास असेल, तर ते योग्यच आहे. म्युलर मॅट्रिक्सांच्या बेरजेतून विध्रुवण, म्हणजे ध्रुवण कमी होणे, आपोआप प्रकट होते, आणि मला हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो: एकटा पैलू पूर्ण ध्रुवित प्रकाशाचे ध्रुवण मुळीच कमी करत नाही, पण त्यांचा समुदाय करतो.

आता प्रारूपाविषयी. पैलूंचे प्रारूप तेव्हाच विश्वासार्ह असते, जेव्हा पैलू तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असतात. रॅलेच्या निकषानुसार उंचीतला फरक λ/(8cosθ) पेक्षा (λ ही तरंगलांबी, θ हा आपतन कोन) कमी असेल, तर पृष्ठभाग गुळगुळीत समजावा. 550 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी ही मर्यादा सरळ आपतनाला सुमारे 69 नॅनोमीटर, तर 80 अंशांना जवळजवळ 396 नॅनोमीटर येते. म्हणजे तोच पृष्ठभाग तिरप्या किरणाला आरशासारखा भासू शकतो. त्यामुळे मोठ्या कोनांना तुझे आकडे मोजमापांशी जुळले नाहीत, तर अपवर्तनांक बदलून ते जुळवू नकोस; त्या कोनाला पैलूंचे प्रारूप मुळात लागू पडते का, हे आधी तपासून मला कळव.

तुझा हितचिंतक