होल्डवर ‘ठेवू’ नका, धरायला सांगा

विचारणा अशी आहे: ऑफिसात टेबलावरचे नवे फोन बसवलेत, बटणांची माहिती मराठीत लिहायची आहे. ‘होल्ड’, ‘पार्क’, ‘ट्रान्सफर’ यांना काय म्हणावं? ‘कॉल होल्डवर ठेवणे’ चालेल का?

नाही चालणार. दिवसातून चारदा ऐकतो, ‘सर, होल्डवर ठेवते हं’, आणि दर वेळी ‘ठेवते’ एवढंच कानात शिरतं. मराठीत फोन ठेवणं म्हणजे बोलणं संपवणं. रिसीव्हर जागेवर ठेवला की त्याच्या वजनाने खटका दबतो आणि लाइन तुटते. ‘ठेवू का आता?’ असं आई विचारते तेव्हा तिला पुढे सनईची धून ऐकवायची नसते.

होल्डला मराठी शब्द होताच. शेजारच्यांचा फोन आपल्याकडे यायचा तेव्हा पलीकडच्याला सांगायचे, ‘धरा हं, बोलावते.’ धरणारा कोण, तर फोन करणारा. बटण आल्यावर धरण्याचं काम ऑपरेटरकडे गेलं आणि त्या बिचाऱ्याकडे नुसतं लटकणं उरलं.

धरण्यावरून आठवलं. जुन्या काळी सावकार कर्जदाराच्या दारात उपाशी बसायचा आणि पैसे मिळाल्याशिवाय उठायचा नाही. हे ‘धरणं’, आणि बसणारा धरणेकरी. वीस मिनिटं तीच धून ऐकत चिकाटीने बसलेला ग्राहक दुसरं काय करतो? धरणं हा गांधीयुगाचा शब्द आहे असं ठासून सांगणारे विद्वान भेटतात. त्यांनी १८६० ची भारतीय दंडसंहिता उघडावी. कलम ५०८ च्या उदाहरणातच दारात धरणं धरून दैवी कोपाची भीती घालणारा इसम बसलेला आहे. गांधीजींचा जन्म १८६९ चा! मूळ धातू ‘धृ’. धरण, धरणी, धर्म ही सगळी त्याचीच प्रजा. लॅटिनमधला ‘फर्मुस’ म्हणजे घट्ट, तोही याच कुळातला मानतात आणि इंग्रजी ‘फर्म’ त्याच्यापासून आला. म्हणजे तुमची फर्म आणि तिच्या फोनवरचं धरणं चुलतभावंडं झाली. होल्डच्या बटणावर मी बेलाशक ‘धरा’ लिहीन. ‘प्रतीक्षाधीन’ सुचवणाऱ्यांनी तो शब्द एकदा घाईत फोनवर उच्चारून दाखवावा.

‘ठेवणे’ शोभतं ते पार्कला. होल्डवरचा कॉल साधारणपणे त्याच फोनवर परत घ्यायचा असतो. पार्क केलेल्याला मात्र यंत्र एक क्रमांक देतं आणि तो क्रमांक फिरवून दुसऱ्या टेबलावरूनही कॉल उचलता येतो. ही तर पावतीसह ठेव झाली! मुदत संपेपर्यंत कुणी उचलला नाही, तर बहुतेक यंत्रणांत ज्याने ठेवला त्याच्याकडेच तो परत वाजतो. संस्कृत ‘स्थापय’, प्राकृत ‘ठव’, मराठी ‘ठेव’. बटणावर ‘ठेव’ लिहिलंत तर मला आनंदच होईल, पण फोन बंद करण्याला ‘ठेवणे’ म्हणू नका, असं मात्र पत्रकात लिहू नका. ते कुणी ऐकणार नाही.

ट्रान्सफर राहिलंच. ‘जोडून देणे’. त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही.