एचपीव्ही पॉझिटिव्ह, पण औषध दिलं नाही. विषाणू घालवायला काय घ्यावं?

तुमची एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणारा विषाणू) चाचणी पॉझिटिव्ह आहे, पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल आहे, आणि डॉक्टरांनी एकही गोळी न लिहिता वर्षभराने बोलावलंय. यात हलगर्जीपणा वाटतोय तुम्हाला, पण हा विषाणू मारणारं औषधच नाही. त्याला हटवते आपली प्रतिकारशक्ती, आणि दहापैकी साधारण नऊ जणांमध्ये ते काम दोन वर्षांत होऊन जातं. मुळासकट घालवतो म्हणून कुणी कॅप्सूल विकत असेल तर कृपा करून घेऊ नका.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पॅपच्या स्लाइड रोज बघते. त्यात विषाणू दिसत नाही, त्याने बिघडवलेली पेशी दिसते: केंद्रक मोठं, गडद, सुरकुतलेलं, आणि भोवती फिकट रिकामं कडं. उपचार होतात ते या बिघाडावर. त्याच्या सीआयएन १ ते ३ अशा पायऱ्या असतात, ३ सर्वांत गंभीर. सौम्य असेल (सीआयएन १) तर बहुतेकदा आपोआप निवळतो, म्हणून नुसतं लक्ष ठेवतात. सीआयएन ३ मात्र तसा सोडत नाहीत. लीप करून, म्हणजे वीज सोडलेल्या बारीक तारेने, तेवढाच भाग काढतात. गर्भाशय शाबूत राहतं. तो तुकडा आमच्याकडे येतो आणि त्याच्या कडा निरोगी आहेत का ते आम्ही बघतो. त्यानंतरही तपासण्या चालू ठेवाव्याच लागतात. सीआयएन २ मध्ये वय आणि पुढे मूल हवंय का, हे बघून ठरवतात.

आता रिपोर्ट पुन्हा काढा आणि विषाणूचा प्रकार लिहिलाय का बघा. १६ किंवा १८ असेल तर पॅप नॉर्मल असूनही वर्षभर थांबू नका, कॉल्पोस्कोपीबद्दल (गर्भाशयमुख भिंगातून बघण्याची तपासणी) लगेच विचारा. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरमागे हे दोनच प्रकार आहेत. धोक्याचे बाकीचे प्रकार असतील तर वर्षाची मुदत बरोबर आहे. गुप्तांगावर चामखिळी येतात त्या बहुधा ६ आणि ११ या वेगळ्या प्रकारांमुळे. त्या मलमाने किंवा गोठवून जातात, कधीकधी परत येतात.

हा संसर्ग नवऱ्याकडून आला का, असं विचारलंत, त्याचं उत्तर हा रिपोर्ट देऊ शकत नाही. संसर्ग कितीतरी वर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कुणाकडून आला हे कुठलीच चाचणी सांगत नाही. यावरून घरात भांडण करू नका, खरंच.

लस आत्ताचा संसर्ग काढत नाही, पण न झालेल्या प्रकारांपासून वाचवू शकते; तुमच्या वयात उपयोग होईल का ते विचारून घ्या. सिगारेट ओढत असाल तर सोडा, तिच्यामुळे संसर्ग रेंगाळतो. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, मग तपासण्या लवकर लवकर लागतात. आणि संबंधांनंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेलं, तर पुढच्या वर्षीच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात जा.