बाप्तिस्मा घेतात, देतात, करतात की होतो?

एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे एकाच महिन्यात दोन आमंत्रणं आली, वसईच्या मैत्रिणीच्या पत्रिकेवर ‘स्नानसंस्कार’ आणि नगरच्या जुन्या शेजाऱ्यांच्या पत्रिकेवर ‘बाप्तिस्मा’. तर हे दोन वेगळे विधी आहेत का, ‘बाप्तिस्मा’ला सरळ मराठी शब्द का नाही केला कुणी, आणि याच्यापुढे क्रियापद कुठलं लावायचं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. विधी एकच, पाण्याने ख्रिस्ती धर्मात घेण्याचा. मराठी कॅथलिक लोक स्नानसंस्कार म्हणतात, प्रोटेस्टंट घरांत बाप्तिस्मा म्हणतात. मी प्रोटेस्टंट घरात वाढलो त्यामुळे माझ्या कानाला बाप्तिस्माच घरचा वाटतो, पण स्नानसंस्कार हा फार देखणा शब्द आहे, त्यात पाणीही आलं आणि संस्कारही आला.

दुसरा प्रश्न मात्र मला मनापासून आवडला, कारण त्याचं उत्तर भाषेत नाहीये, भांडणात आहे.

मूळ शब्द ग्रीक. ‘बाप्तो’ म्हणजे बुडवणे, कापड रंगात बुडवतात तेसुद्धा. त्यावरून ‘बाप्तिझो’ आणि त्यावरून ‘बाप्तिस्मा’. मग ‘बुडवणं’ असंच भाषांतर करायला काय हरकत होती? हरकत अशी की ख्रिस्ती लोकांचंच यावर एकमत नाही. बाप्टिस्ट म्हणतात माणूस अख्खा पाण्याखाली गेला पाहिजे, आणि तोही कळत्या वयात स्वतः विश्वास ठेवून. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात किंवा नुसतं शिंपडतात आणि ते पुरे मानतात. बुडवणारे सांगतात की फिलिप्प नावाचा प्रचारक आणि तो ज्याचा बाप्तिस्मा करणार होता तो हबशी अधिकारी, दोघंही पाण्यात उतरले असं बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिलंय. शिंपडणारे मार्कच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायाकडे बोट दाखवतात, तिथे प्याले आणि भांडी धुण्याला याच कुळातला शब्द आहे. बाळांच्या बाजूचे लोक म्हणतात बायबलमधल्या फिलिप्पै गावच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरातल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा एका रात्रीत झाला, त्या घरात लेकरं नसतील कशावरून? समोरचे म्हणतात, होती हे तरी कशावरून. हा वाद मी लहानपणी घरी जेवणाच्या ताटावर ऐकलाय.

आता अशा वेळी भाषांतरकाराने ‘बुडवणं’ लिहिलं की अर्धे लोक नाराज आणि ‘शिंपडणं’ लिहिलं की उरलेले अर्धे. म्हणून ग्रीक शब्द तसाच ठेवायचा, ज्याने त्याने आपला अर्थ त्यात वाचायचा. इंग्रजीत हेच झालं, 1611च्या किंग जेम्स बायबलच्या प्रस्तावनेत भाषांतरकारांनी प्युरिटन, म्हणजे चर्चमध्ये कडक सुधारणा मागणाऱ्या, लोकांबद्दल तक्रारच केलीय की ते ‘बाप्तिस्मा’ सोडून ‘धुणं’ लिहितात आणि ‘चर्च’ सोडून ‘मंडळी’. गंमत म्हणजे मराठी बायबलने यातलं एक ऐकलं आणि एक नाही, बाप्तिस्मा ठेवला पण चर्चला मात्र छान ‘मंडळी’ केलं.

आणि हे भांडण नुसतं पुस्तकी नव्हतं, पैशापर्यंत गेलं आणि तेही आपल्याकडेच, कलकत्त्यात. सेरामपूरचे विल्यम केरी आणि त्यांच्यानंतरचे विल्यम येट्स हे बाप्टिस्ट मिशनरी, त्यांनी बंगाली नव्या करारात बुडवण्याच्या अर्थाचा शब्द वापरला. 1830च्या दशकात बायबल छापून वाटणाऱ्या बायबल सोसायट्यांनी सांगितलं की असं भाषांतर सगळ्या पंथांना चालणार नाही, आम्ही छपाईला पैसे देणार नाही. अमेरिकन बायबल सोसायटीने 1836 मध्ये नकार दिला तर तिथल्या बाप्टिस्टांनी त्याच वर्षी स्वतःची वेगळी सोसायटी काढली, इंग्लंडमध्येही 1840 मध्ये तसंच झालं. एका बंगाली क्रियापदावरून दोन देशांत दोन संस्था उभ्या राहिल्या! दोन्ही बाजूंना त्या शब्दाची मनापासून काळजी होती, आणि मला दोघांबद्दलही आदर वाटतो.

पण शब्दाचं भाषांतर केल्याने वाद मिटतो असंही नाही हं. जर्मनमधला ‘टाउफं’ आणि डचमधला ‘डोप’ हे मुळात बुडवण्याचेच शब्द, तरी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये शेकडो वर्षं बाळाच्या डोक्यावर चुळकाभर पाणीच घातलं जातं. मल्याळी बायबलमध्ये नुसतं ‘स्नानम्’ आहे, तमिळमध्ये ‘ज्ञानस्नानम्’, आणि केरळातल्या जुन्या सिरियन ख्रिस्ती घरांत ‘मामोदीसा’, तो सिरियाक भाषेतून आलेला. त्या सगळ्या ठिकाणी हेच वाद आहेतच.

मराठीत एक बारीक गोष्ट आहे ती माझ्या फार आवडीची. बायबलमधला योहान, जो यार्देन नदीवर लोकांचा बाप्तिस्मा करायचा, म्हणतो की मी तुमचा बाप्तिस्मा ‘पाण्याने’ करतो. ग्रीकमध्ये तिथे ‘एन’ आहे, आणि त्याचा अर्थ ‘ने’ पण होतो आणि ‘त’ पण होतो. पाण्याने म्हटलं की तांब्या डोळ्यासमोर येतो, पाण्यात म्हटलं की नदी. पण त्याच गोष्टीत लोक यार्देन नदी‘त’ बाप्तिस्मा घेतात असंही आहे. म्हणजे शब्द न बदलता अख्खा वाद एका विभक्तीच्या प्रत्ययावर येऊन बसला. आणि ‘पाण्याने’ ठेवण्याला चांगलं कारणही आहे, कारण पुढे लगेच योहान म्हणतो की माझ्यामागून येणारा पवित्र आत्म्याने आणि अग्नीने बाप्तिस्मा करील, तिथे ‘अग्नीत’ लिहिलं तर भलताच अर्थ होईल.

ह्या अग्नीवरूनही मतभेद झाले, आणि ते प्रार्थनेचे. 1905 मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन, म्हणजे श्रद्धेची नवी लाट, झालं, शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करायच्या, रडायच्या, पापं कबूल करायच्या. तिथल्या मिनी एब्रम्स बाईंनी लिहून ठेवलंय की एका मुलीभोवती जाळ दिसला म्हणून दुसरी धावत पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तेवढ्यात लक्षात आलं की ती जळत नाहीये. तेव्हापासून ‘पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा’ हा शब्दप्रयोग मराठी मंडळ्यांत जोरात आहे आणि त्याच्याशेजारी ‘पाण्याचा बाप्तिस्मा’ असं वेगळं म्हणावं लागतं. पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळीत कुणी ‘मी पाण्याचा बाप्तिस्मा घेतला’ म्हणालं तर समजायचं की मोठेपणी बुडवून घेतलाय, बहुतेक वेळा लहानपणी एकदा शिंपडून झालेला असतानाही. जुन्या मंडळीला ते लागतं, आमचा काय खोटा होता का असं होतं, आणि त्यावरून सख्ख्या भावांचं एकमेकांशी बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

आता क्रियापद. बायबलमध्ये ‘बाप्तिस्मा करणारा योहान’ आहे, पण रोजच्या बोलण्यात ‘करणे’ फारसं येत नाही. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, बाप्तिस्मा ‘देतात’, मोठा माणूस ‘घेतो’, आणि बाळाचा ‘होतो’. सगळा सिद्धांत या तीन क्रियापदांत वाटला गेलाय, कर्ता कोण ते बघा. घेतला म्हटलं की निर्णय माझा. झाला म्हटलं की माझ्या आधी कुणीतरी, देवाने, आईबापांनी, मंडळीने माझ्यासाठी काहीतरी केलं. एकच उदाहरण देतो, 29 सप्टेंबर 1883ला इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याच दिवशी त्यांच्या अडीच वर्षांच्या मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. इथे क्रियापदांची अदलाबदल करून बघा, कानाला लगेच खटकेल. आणि रमाबाईंनी तो ‘घेतला’ होता हे पुढेही दिसतं, त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या, सिद्धांतावरून त्यांनी वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून स्पष्ट वाद घातला, ख्रिस्ताची मी आहे पण धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द मानायला बांधील नाही अशी त्यांची भूमिका.

मंडळीची वाढ कशी करायची हा वादसुद्धा शेवटी याच शब्दापाशी येतो, कारण मिशनच्या अहवालात वर्षाला किती बाप्तिस्मे झाले हा आकडा असायचाच. दमोहला जन्मलेले आणि मध्य भारतात वर्षानुवर्षं राहिलेले मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन म्हणायचे की एकेकट्याला समाजातून तोडून आणू नका, जातीच्या जाती एकत्र येऊ द्या, आणि त्यांच्या विरोधकांचं म्हणणं की मग जात जशीच्या तशी चर्चमध्ये येऊन बसेल. मला विरोधकांचं पटतं, कारण नगरच्या बाजूला मी तसं बसलेलं पाहिलंय. याच्या कितीतरी आधी ना. वा. टिळकांनी, ज्यांनी स्वतः 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला होता, 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र बसवले. कीर्तन, भजन, अभंग, सगळं आपल्या मातीतलं. ते दोनच वर्षांत गेले, नाहीतर हा शब्द मराठीत आज कदाचित वेगळ्या वजनाने बोलला गेला असता. आणि मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) हा पंथ तर बाप्तिस्मा देतच नाही, तिथे हा प्रश्नच नाही.

1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अँग्लिकन आणि बाप्टिस्ट एका छपराखाली आले, आणि तोडगा काय निघाला तर दोन्ही पद्धती चालतील, ज्याला जी हवी ती. म्हणजे बायबल भाषांतरकारांनी एका शब्दात जे केलं होतं तेच.

तर ताई, लिहिताना शब्द पुल्लिंगी, आणि सामान्यरूप ‘बाप्तिस्म्या-’, जसं आत्मा-आत्म्याचा तसं बाप्तिस्मा-बाप्तिस्म्याचा. ग्रीकमध्ये तो नपुंसकलिंगी आहे पण मराठीने त्याला आत्म्याच्या शेजारी नेऊन बसवलं. बपतिस्मा हे हिंदी वळण आहे, टाळा. नगरच्या शेजाऱ्यांना शुभेच्छा देताना बाळ असेल तर ‘बाळाच्या बाप्तिस्म्याबद्दल अभिनंदन’ लिहा, आणि त्यांच्या मोठ्या मुलीचा असेल तर ‘तू बाप्तिस्मा घेतलास, खूप आनंद झाला’ असं तिलाच लिहा, आईवडिलांना नाही.